गणपतराव देशमुख आणि आमदारकीचा हिशेब

सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याच्या गणपतराव देशमुखांचे नाव निघाले की बोलणे लगेच एका आकड्यावर येते: एकच मतदारसंघ, एकच पक्ष (शेतकरी कामगार पक्ष, म्हणजे शेकाप) आणि ११ वेळा आमदारकी. त्यापाठोपाठ त्यांच्या एसटीच्या प्रवासाची आठवण निघते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे; मात्र एवढ्यावरच थांबलो तर या माणसाने आमदारकीचे केले काय, हे सांगायचे राहूनच जाते.

गणपतराव, म्हणजे लोकांचे आबासाहेब, १९६२ मध्ये पहिल्यांदा निवडून आले, तेव्हा महाराष्ट्र राज्य स्थापन होऊन जेमतेम दोन वर्षे झाली होती. १९७८ चे पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकार आणि १९९९ चे आघाडी सरकार यांतील मंत्रिपदाचा थोडा काळ वगळला, तर त्यांची बहुतेक कारकीर्द विरोधी बाकांवर गेली. मतदारसंघाची कामे करायची तर सत्तेसोबत जावेच लागते, असे आज पक्ष बदलणारे आमदार उघडपणे सांगतात आणि आपणही मान डोलावतो. मला हे मुळीच पटत नाही आणि न पटण्याचे कारण सांगोल्याचे पाणी हे आहे.

सांगोला हा पर्जन्यछायेतला तालुका. माण नदी वर्षाचा बराच काळ कोरडी असते आणि दुष्काळी वर्षात डाळिंबाची बाग टँकरवर जगवायची की जनावरे छावणीला न्यायची, हा प्रश्न इथल्या घराघरांत असतो. राज्यांमधल्या कृष्णेच्या पाणीवाटपासाठी नेमलेल्या बच्छावत लवादाने कृष्णा खोऱ्यातील ५६० टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी महाराष्ट्राच्या वाट्याला दिले होते. पण ते उचलून दुष्काळी पट्ट्यात आणण्याच्या योजना रखडल्या होत्या. १९९३ मध्ये क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांच्या पुढाकाराने आटपाडीला १३ दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद भरली. गणपतराव आणि श्रमिक मुक्ती दलाचे डॉ. भारत पाटणकर या चळवळीत अण्णांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले. टेंभू आणि म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांचे पाणी पुढे सांगोल्याकडे आले, त्यामागे रस्त्यावरचा आणि सभागृहातला असा दुहेरी रेटा होता.

सभागृहातला रेटा म्हणजे काय, हे समजून घेण्यासारखे आहे. तारांकित (सभागृहात तोंडी उत्तर मिळणाऱ्या) प्रश्नाला किंवा लक्षवेधी सूचनेला मंत्र्यांचे उत्तर बहुधा ‘काम प्रगतिपथावर आहे’ असेच असते. खरा आमदार त्यानंतर उपप्रश्नासाठी उभा राहतो: कालव्याचा कोणता टप्पा अपुरा आहे, पंप बसले का, विजेचे बिल कोण भरणार, यंदाच्या अर्थसंकल्पात तरतूद किती? जादा खर्चाच्या पुरवणी मागण्यांवरची भाषणे, मागणीतली रक्कम कमी करण्याच्या कपात सूचना, अर्धा तास चर्चा ही सारी आयुधे विरोधी सदस्याच्याही हाती असतात. मात्र ती वापरण्यासाठी कागद वाचावे लागतात, सभागृहात बसावे लागते आणि एकच विषय दर अधिवेशनात न कंटाळता मांडावा लागतो. गणपतरावांनी हे केले. आज गोंधळात तहकूब होणारी अधिवेशने पाहताना या मेहनतीची उणीव मला फार जाणवते.

ते दोनदा हरले, हेही सांगायला हवे. १९७२ मध्ये हरले, १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले. १९९५ मध्ये तर अवघ्या १९२ मतांनी गेले. त्या वेळी राज्यात युतीची सत्ता आली होती आणि शेकापची ताकद ओसरत चालली होती. तरीही त्यांनी पक्ष सोडला नाही, पाण्याचा प्रश्न सोडला नाही आणि १९९९ मध्ये लोकांनी त्यांना पुन्हा विधानसभेत पाठवले.

एक खंत मात्र आहे. या कारकिर्दीच्या सावलीत नवे नेतृत्व घराबाहेर उभे राहिले नाही. २०१९ मध्ये ते वयोमानामुळे थांबले, तेव्हा उमेदवारी नातवाला मिळाली आणि जागा थोडक्यात गेली. ३० जुलै २०२१ रोजी आबासाहेब गेले. २०२४ मध्ये दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख निवडून आले आणि राज्यभरात शेकापची तीच एक जागा आली. कार्यकर्त्यांच्या पक्षात हे व्हायला नको होते, असे मला वाटते. तरीही नव्या आमदारांना आडनावावरून जोखणे अन्यायाचे होईल. सांगोल्याच्या मतदारांनी दर अधिवेशनानंतर त्यांना आणि आपापल्या आमदारांना आपण सर्वांनीच विचारावे, की पाण्यावर तुम्ही कोणते प्रश्न लावले, काय उत्तर मिळाले आणि त्यावर पुढे काय केले.