कागद त्यांचा असला की आरमार, आपला असला की चाचेगिरी

नातेवाइकांच्या ग्रुपवर आज सकाळी एक क्विझ येऊन पडलं. 'यांपैकी समुद्री चाचा कोण?' पर्याय चार: कोलंबस, मॅजेलन, वास्को द गामा, कान्होजी आंग्रे. मी वास्कोवर बोट ठेवलं. लाल फुली. कान्होजींच्या नावापुढे हिरवी खूण, मागे ढोलताशे, आणि खाली आपल्याच लोकांचे अंगठे. एकाने 'छान माहिती' असंही लिहिलंय.

छान माहिती. बरं. मग थोडी माझ्याकडचीही घ्या.

चाचा कोण हे ठरवायचं तर आधी 'कार्ताझ' काय होतं ते कळायला हवं. शाळेत ते एका वाक्यात उरकतात, 'पोर्तुगीजांनी परवाना पद्धत सुरू केली.' जणू स्कूटरचं लायसन्स. कार्ताझ म्हणजे गोव्याच्या व्हाइसरॉयच्या किंवा एखाद्या किल्ल्याच्या कप्तानाच्या सहीचा कागद. त्यावर जहाजाचं नाव, नाखव्याचं नाव, जहाज किती भाराचं, खलाशी किती, तोफा-हत्यारं किती, कुठून निघणार, कुठे जाणार, सगळं लिहिलेलं. काय न्यायचं नाही तेही. मिरी न्यायची नाही, कारण ती पोर्तुगालच्या राजाची मक्तेदारी. हत्यारं, दारूगोळा नाही. तुर्क उतारू नाहीत. समुद्रात पोर्तुगीज गलबत आडवं आलं की हा कागद काढून दाखवायचा. कागद नसेल किंवा कागदाबाहेरचं काही सापडलं, तर जहाज जप्त, माल जप्त, आणि माणसं मारायची नाहीतर वल्ह्यांना जुंपायची.

गंमत म्हणजे कागदाची फी किरकोळ होती. मेख होती अटीत. जाताना किंवा येताना पोर्तुगीजांच्या ठाण्यात नांगर टाकून जकात भरलीच पाहिजे, आणि भराल याची हमी आधीच द्यायची. म्हणून तर त्यांना होर्मुझ, गोवा, दीव, मलाक्का ही नाकी हवी होती. मुलूख जिंकून शेतसारा गोळा करण्यात त्यांना सुरुवातीला रस नव्हता. चिंचोळी तोंडं धरायची आणि गल्ला घेऊन बसायचं. आपल्याकडे १५२१ मध्ये निजामशहाच्या परवानगीने चौलला किल्ला बांधला, १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई घेतली, १५५९ मध्ये दमण. खंबायत ते गोवा हा सगळा किनारा मग काफिल्याने चालायचा. व्यापारी जहाजांचा तांडा, पुढेमागे पोर्तुगीज लढाऊ गलबतं. म्हणायला संरक्षण. पण तांडा सोडून कुणी वेगळी वाट धरली तर त्याला पकडणारी गलबतंही हीच.

संरक्षणासाठी पैसे घ्यायचे आणि भीतीही आपणच पुरवायची, या धंद्याला आपल्या गल्लीत काय म्हणतात ते तुम्हाला सांगायला नको.

आणि हे शिष्टाचाराने सुरू झालं असं समजू नका. १४९८ मध्ये वास्को पहिल्यांदा कालिकतला आला तेव्हा सामुरीला, म्हणजे तिथल्या राजाला, द्यायला त्याने काय आणलं होतं? पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाचे १२ तुकडे, टोप्या, पोवळ्यांच्या माळा, हात धुवायची भांडी, थोडी साखर, तेल आणि मध. दरबारातली माणसं हसली. मक्केहून येणारा गरिबातला गरीब व्यापारी यापेक्षा जास्त देतो, म्हणाली. त्या किनाऱ्यावर गुजराती, अरब, मलबारी सगळे बंदरात जकात भरून व्यापार करत होते. तरंगायला कुणाची परवानगी लागते, हा प्रश्नच तिथे कुणाला पडला नव्हता. १५०२ मध्ये वास्को पुन्हा आला तो तोफा घेऊन. मक्केहून परतणारं यात्रेकरूंचं जहाज त्याने मलबारसमोर अडवलं, लुटलं आणि बायकामुलांसकट पेटवलं. शेकडो माणसं. कार्ताझ वाटायला सुरुवात झाली ती याच फेरीत.

माझी लाल फुली या माणसाच्या नावावर पडली आहे.

हो, आधी सगळे साधुसंत होते असं मी म्हणत नाही. मलबारकडे लुटालूट व्हायची, आणि चोळांनी ११व्या शतकात सुमात्राकडच्या श्रीविजय राज्यावर आरमार नेलंच होतं. मान्य. पण अख्खा समुद्र आपल्या बापाचा म्हणून त्यावर पावत्या फाडायची कल्पना पोर्तुगीजांचीच. त्यांच्या इतिहासकारांनी तर त्याला कायद्याचा मुलामा दिला. समुद्र सर्वांना खुला, हा नियम ख्रिस्ती युरोपापुरता, बाकीच्यांना तो लागू नाही! डच आले ते 'समुद्र खुला' असं ओरडतच, आणि बूड टेकल्यावर तेही पास विकू लागले.

साध्या कागदाने एवढं काय बिघडतं? बिघडतं, कारण आपला समुद्र वाऱ्याच्या वेळापत्रकावर चालतो. सुरतेहून तांबड्या समुद्राकडे जायचं तर पावसाळ्याआधी, साधारण मार्चपर्यंत शीड उभारायला हवं. परतायचं तर ऑगस्टच्या सुमाराला तिकडून निघून नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर सप्टेंबरात सुरत. मधे जून-जुलैत इकडची बंदरं बंद. म्हणजे कप्तानाने सही पंधरा दिवस लांबवली की जहाजाचं अख्खं वर्ष गेलं. माल कुजतो, खलाशांना बसून पोसावं लागतं, सावकाराचं व्याज चढतं. कप्तानाला हे ठाऊक असतं, म्हणून सहीची 'वरची' किंमत निराळी. अकबराची आत्या गुलबदन बेगम १५७५ मध्ये हजला निघाली, तीसुद्धा या कागदापायी सुरतेत जवळपास वर्षभर खोळंबली. हिंदुस्थानच्या बादशहाची आत्या! आणि कागदावर येशू-मेरीची चित्रं, तेव्हा असा कागद घेऊन हजला जावं का, यावर दरबारातल्या उलेमांचा काथ्याकूट वेगळाच.

बरं, कागद घेतला तर जहाज सुरक्षित? १६१३ मध्ये जहांगीरच्या आईचं 'रहीमी' हे जहाज कागद असूनही पोर्तुगीजांनी सुरतेजवळ पकडलं आणि उतारूंसकट गोव्याला नेलं. कारण काय, तर सुरतेत इंग्रजांना थारा दिला याचा राग. जहांगीरने दमणवर फौज धाडली, त्यांचा व्यापार बंद केला. फायदा झाला इंग्रजांचा.

मघापेक्षा जरा शांत झालोय, म्हणून हेही लिहून टाकतो. वास्कोच्या त्या पहिल्या फेरीतल्या साध्या खलाशांबद्दल मला वाईट वाटतं. येताना आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या मालिंदीच्या सुलतानाने वाटाड्या दिला होता. तो वारा ओळखणारा, त्याने २३ दिवसांत समुद्र पार करून दिला. जाताना सामुरीशी बिनसलं, वास्कोने वाऱ्याची वाट पाहिली नाही. कारवारजवळच्या अंजदीवला जहाजांची डागडुजी केली आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच निघाला. ईशान्येचा वारा अजून धरलेला नव्हता. कधी वारा पडलेला, कधी समोरून. २३ दिवसांची वाट, लागले तीन महिने. ताजं अन्न संपलं, हिरड्या सुजून दातांवर चढल्या, ३० जण गेले. एकेका जहाजावर धड उभे राहू शकणारे सात-आठच उरले. शेवटी माणसं पुरेनात म्हणून एक जहाज त्यांनी स्वतःच जाळलं. लिस्बनच्या धक्क्यावरून उचललेली पोरं होती ती, त्यांना कुठला आलाय कार्ताझ.

पण मग ते क्विझ पुन्हा डोळ्यासमोर येतं आणि डोकं फिरतं.

मराठ्यांचे आरमारप्रमुख कान्होजी, त्यांनी काय केलं? अलिबागचा कुलाबा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग हे किल्ले हाताशी धरून कोकण किनाऱ्यावर 'दस्तक' सुरू केलं. आमच्या पाण्यातून जायचं तर आमचा कागद घ्या. बस. तोच धंदा, तोच कागद, आणि तोही अख्ख्या महासागरावर नाही, स्वतःच्या दारातल्या पाण्यावर. १७१३ मध्ये इंग्रजांशी तह झाला, कंपनीच्या जहाजांना हात लावायचा नाही असं ठरलं. भांडण पेटलं ते यावर की देशी व्यापाऱ्यांचा माल इंग्रजी निशाणाखाली घातला की त्यालाही दस्तक माफ का? कान्होजींचं म्हणणं, कंपनीचा माल वेगळा, इतरांचा वेगळा. कुठल्याही जकात नाक्यावरचा कारकून हेच म्हणेल. इंग्रज मुंबईतून स्वतःचे पास देतच होते, पोर्तुगीजांचे कार्ताझ चालूच होते. चाचा मात्र एकटे आंग्रे. आणि १६९५ मध्ये औरंगजेबाचं 'गंज-ए-सवाई' लुटून यात्रेकरूंचे हाल करणारा हेन्री एव्हरी इंग्रजच होता. तो त्या चार पर्यायांत नाही, बरं का.

१७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज, एरवी एकमेकांचे वैरी, मिळून कुलाब्यावर चालून आले. इंग्लंडच्या राजाची लढाऊ जहाजंसुद्धा होती. हात हलवत परत गेले.

आंग्र्यांच्या माणसांनी कधी अन्याय केलाच नाही असं नाही. केला. कोकणातल्या गरीब मचव्यांनाही त्यांचा जाच झाला असेल. लिहिलं, झालं.

आणि एक गोष्ट आपल्याला टोचायलाच हवी. कुंजाली मरक्कार हा सामुरीचा आरमारप्रमुख, त्याला जिवाचं अभय देऊन पोर्तुगीजांच्या हाती दिलं ते त्याच्याच सामुरीने. १६०० मध्ये गोव्यात त्याचं डोकं उडवलं. कान्होजींचे चिरंजीव तुळाजी आंग्रे, त्यांच्यावर इंग्रजांना सोबत घेऊन गेले ते आपलेच पेशवे. फेब्रुवारी १७५६, विजयदुर्ग. समुद्रातून इंग्रजांचा अ‍ॅडमिरल वॉटसन, जमिनीवरून त्यांचाच क्लाइव्ह. आंग्र्यांनी पूर्वी कंपनीकडून जिंकलेलं एक जहाज तोफगोळ्याने पेटलं, आग शेजारच्या गुराबांवर, म्हणजे लढाऊ जहाजांवर, गेली, आणि कान्होजींपासून जमवलेलं आरमार एका दुपारी जळालं. किल्ल्यात सुमारे १० लाख रुपयांची लूट मिळाली. पेशव्यांना त्यातला छदाम मिळाला नाही. कुणाला किती, हे इंग्रज अधिकाऱ्यांनी मुंबईहून निघण्याआधीच कागदावर ठरवून ठेवलं होतं.