खुलासा : दख्खनचा लाव्हा सेशेल्स तुटल्यामुळे आला का?

'सेशेल्स भारतापासून तुटलं, त्या भेगेतून लाव्हा उसळला आणि सह्याद्री झाला' असा मजकूर घाटाच्या फोटोंसोबत फिरतोय. (सेशेल्स म्हणजे हिंदी महासागरातला बेटांचा समूह.) यातला क्रमच उलटा आहे.

दख्खनचा बहुतांश लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, जेमतेम दहा लाख वर्षांत बाहेर पडला. सेशेल्स पूर्ण अलग झालं ते त्यानंतर, ६.३ कोटी वर्षांच्या आसपास.

शिवाय नुसता खंड फाटला म्हणून एवढा लाव्हा येत नाही. पोर्तुगाल आणि कॅनडातलं न्यूफाउंडलंड बेट एकमेकांपासून दुरावले, तिथे ज्वालामुखी जवळजवळ नाहीच. प्रावरणातला, म्हणजे पृथ्वीच्या कवचाखालच्या थरातला, खडक वर सरकताना दाब उतरतो आणि तो वितळतो. पण मुळातच तो शंभर-दीडशे अंशांनी जास्त तापलेला असेल, तर वितळण्याचं प्रमाण दुपटी-तिपटीने वाढतं. दख्खनखाली ही जादा उष्णता आज हिंदी महासागरातल्या रीयुनियन बेटाखाली असलेल्या तप्त प्रवाहाने पुरवली, असं बहुतेक भूवैज्ञानिक मानतात. कवच ताणलं गेल्याने लाव्ह्याला वाट मिळाली, हे मात्र खरं.

फाटण्याची खूण हवी असेल तर पनवेलला बघा. घाटमाथ्यावर जवळपास आडवे दिसणारे बेसाल्टचे थर तिथे चक्क समुद्राकडे कललेले आहेत. आधी थर साचले, मग वाकले.