पाठ फिरवून पाहिलेला डोंगर

अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या हौशी प्रवाशांच्या खिशात एक छोटा आरसा असायचा. किंचित फुगीर, काळसर काचेचा. क्लोद लोरँ या सतराव्या शतकातल्या चित्रकाराच्या निसर्गचित्रांत दिसतो तसा मऊ, सायंकाळी रंग या आरशात उतरायचा, म्हणून त्याला नावच पडलं 'क्लोद ग्लास'. वापरायची रीत मात्र बघण्यासारखी. डोंगर किंवा तळं समोर आलं की त्याच्याकडे पाठ करून उभं राहायचं, आरसा वर धरायचा आणि त्यात जेवढं मावेल तेवढंच दृश्य बघायचं. इंग्लिश कवी टॉमस ग्रे १७६९ मध्ये लेक डिस्ट्रिक्ट या उत्तर इंग्लंडमधल्या तळ्यांच्या प्रदेशात हा आरसा हातात धरून चालताना वाटेतच उताणा पडला. बोटं खरचटण्यावर निभावलं.

तेव्हा सेल्फीवाल्यांना नावं ठेवताना जरा सबुरीनं घ्या. देखाव्याकडे पाठ फिरवायची खोड आपल्या पिढीनं लावलेली नाही.

माझी तक्रार फोनबद्दल नाहीच. तक्रार आहे ती 'बघून झालं' म्हणत पुढं पळण्याबद्दल. २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. नामवंत चित्रांसमोर लोक सरासरी २७ सेकंद थांबत होते. ही सरासरीही रेंगाळणाऱ्या मूठभर मंडळींनी वर ओढलेली, कारण मध्यक होता फक्त १७ सेकंद, म्हणजे निम्मी माणसं त्याहूनही आधी सटकली. त्यातले शेजारची पाटी वाचण्यात किती गेले, देव जाणे.

फोटोंबद्दलचा एक प्रयोग मला जास्त आवडतो. लिंडा हेंकेल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी विद्यार्थ्यांना संग्रहालयात फिरवलं. काही वस्तू नुसत्या बघायला सांगितल्या, काहींचे फोटो काढायला. दुसऱ्या दिवशी विचारलं, तर फोटो काढलेल्या वस्तू कमी आठवत होत्या. इथवरचं सगळे सांगतात, फोनविरोधी मंडळी तर फारच खुशीत. पुढचा भाग कुणी सांगत नाही. ज्यांनी वस्तूच्या एखाद्या भागावर झूम करून फोटो काढला, त्यांच्या स्मरणावर तसा परिणाम झालाच नाही. म्हणजे कॅमेरा बिचारा निर्दोष. कुठे बघायचं हे एकदा तुम्ही ठरवलंत की तो आड येत नाही.

सोळाव्या शतकातला फ्लेमिश चित्रकार थोरला ब्रूगेल, त्याचं १५६५ सालचं 'बर्फातले शिकारी' हे चित्र घ्या. व्हिएन्नाच्या कलासंग्रहालयात आहे, आणि घरबसल्या मोठ्या आकारात पाहायलाही मिळतं. पहिल्या नजरेत दिसतो तो बर्फाळ उतार, पाठमोरे शिकारी आणि त्यांची कुत्री. छान आहे म्हणून पुढं सरकता येतं. थांबलात तर दिसतं की एवढ्या तंगडतोडीनंतर यांच्या हाती लागलाय एक कोल्हा. कुत्र्यांच्या माना खाली. डावीकडे खानावळीची पाटी एकाच आकड्यावर तिरकी लोंबतेय, दुसरा कधीच निसटलाय. बाहेर जाळ पेटवलाय आणि वाऱ्यानं ज्वाळा एका बाजूला झुकल्यात. खाली गोठलेल्या तळ्यांवर पोरंबाळं घसरतायत, खेळतायत. पार लांब एका घराचं धुराडं पेटलंय आणि माणसं ते विझवायला धडपडतायत. शिकाऱ्यांना त्याचा पत्ता नाही, आपल्यालाही पहिल्या फेरीत नसतो.

मग एकदम लक्षात येतं ते रंगाचं. वरचं आभाळ आणि खालचं गोठलेलं पाणी एकाच हिरवट करड्या रंगात रंगवलंय. मधे उभी काळी झाडं. थंडी दाखवायला त्यानं कुणाचे दात वाजताना रंगवलेले नाहीत, हा एक रंग वर आणि खाली पसरला की अंगावर काटा येतो. हे कळल्यापासून मी ढगाळ दिवशी साचलेल्या पाण्याकडे आधी बघते आणि मग वर. चित्रानं मला लावलेली ही सवय आहे, आणि ती मी जाईन तिथं माझ्यासोबत येते.

ब्रूगेलनं हे चित्र एकटं काढलेलं नव्हतं, ही वर्षाच्या ऋतूंची मालिका होती. अँटवर्पच्या एका व्यापाऱ्याच्या घरासाठी केलेली. त्यातली पाच चित्रं आज शिल्लक आहेत. तीन व्हिएन्नात, एक प्रागमध्ये, एक न्यूयॉर्कमध्ये. त्या व्यापाऱ्याला आख्खं वर्ष घरात बसून दिसत होतं, आपल्याला त्यासाठी तीन देश पालथे घालावे लागतात. गंमतच आहे.

मला म्हणायचंय ते हेच. प्रवासाची यादी लांबवत नेण्यापेक्षा एका जागी पुन्हा पुन्हा जाणं मला मोलाचं वाटतं, आणि ज्यांची नजर आपण उसनी घेतो त्या बहुतेकांनी तेच केलंय. फ्रेंच चित्रकार मोनेनं १८९०-९१ मध्ये धान्याच्या गंजी रंगवल्या, साधारण पंचवीस चित्रं. गंजी कुठल्या? जिव्हर्नीतल्या त्याच्या घराजवळच्या शेतातल्या. एका वेळी अनेक कॅनव्हास घेऊन बसायचा आणि उजेड बदलला की कॅनव्हास बदलायचा. जपानी चित्रकार होकुसाईच्या फुजी डोंगराच्या मालिकेचं नाव 'छत्तीस दृश्यं', पण लोकांना एवढी आवडली की आणखी दहा काढावी लागली, एकूण छापचित्रं ४६. त्यातली ती जगप्रसिद्ध लाट आठवा. तिच्या खोलगट भागात फुजी इतका चिमुकला आहे की पुष्कळांना तो डोंगर न वाटता आणखी एक लाटच वाटते.

आणि फ्रेंच चित्रकार सेझान! दक्षिण फ्रान्समधल्या एक्स-आँ-प्रोव्हान्सजवळचा सेंत-व्हिक्त्वार डोंगर त्यानं आयुष्यभर रंगवला. १९०६ च्या सप्टेंबरमध्ये, मरणाच्या महिनाभर आधी, त्यानं मुलाला पत्रात कळवलं की इथं नदीकाठी जागा न सोडता, नुसतं जरा उजवीकडे किंवा जरा डावीकडे झुकून मी कित्येक महिने काम करू शकेन. सदुसष्टीचा माणूस, प्रकृती ढासळलेली, आणि मान जराशी वळवली की त्याला नवा प्रदेश मिळतोय. आपण विमानं बदलतो.

यावर हमखास येणारं उत्तर मला माहीत आहे: ते चित्रकार होते, आमच्या खिडकीतून समोरची इमारत दिसते. ठीक. खिडकीतून ऊन तर येतं ना? पूर्वेच्या खिडकीतून सकाळी ठरावीक वेळी भिंतीवर पडणारी उन्हाची चौकट कुठं पडते, तिथं पेन्सिलीनं खूण करून तारीख घाला. (भाड्याचं घर असेल तर घरमालकाच्या नजरेआड.) पृथ्वीचा आस साधारण साडेतेवीस अंश कललेला असल्यामुळे सूर्य जूनमध्ये पूर्वेच्या उत्तरेला उगवतो आणि डिसेंबरमध्ये दक्षिणेला. त्यामुळे चौकट वर्षभर भिंतीवर डावी-उजवीकडे सरकत राहते. मजा तिच्या वेगात आहे. मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनांच्या आसपास ती रोज जाणवेल इतकी पळते, जून-डिसेंबरच्या टोकाला पोचली की कितीतरी दिवस जागची हलत नाही. उत्तरायण, दक्षिणायन शाळेत पाठ केलेलं असतं. ते आपल्याच भिंतीवर चालताना बघणं निराळं.

झाडांचंही तसंच. थंड प्रदेशातली पानगळ बघायला लोक मुद्दाम जातात, जावंही. पण पान पिवळं पडताना पिवळा रंग नव्यानं येत नाही, तो आधीपासून पानात असतो. झाड हरितद्रव्य मोडून त्यातलं कामाचं परत ओढून घेतं आणि खालचा पिवळा उघडा पडतो. लाल मात्र बऱ्याचदा तेव्हाच तयार होतो. तोच लाल पिंपळाच्या कोवळ्या पालवीत असतो, म्हणजे एकीकडे झाड पान टाकताना तो बनवतं, दुसरीकडे पान फुटताना. पिंपळाचं नवं पान उन्हाकडे धरून बघा. तांबूस, तकतकीत, जवळजवळ आरपार दिसणारं, आणि लांबट शेपटीसारखं टोक देठाआधी हलतं. थोड्याच दिवसांत हिरवा भरत जातो, आधी शिरांलगत की कडांना, यावर माझं घरात भांडण चालू आहे.

अशा नोंदींना कुणी रिकामटेकडेपणा म्हणत असेल तर जपानच्या जुन्या राजधानीचं, क्योतोचं उदाहरण द्यावं. तिथले दरबारी, भिक्षू, सम्राट चेरीच्या बहराबद्दल रोजनिशीत लिहीत आले. कुणाला विज्ञान करायचं नव्हतं, बहर बघायला जमायचं होतं. त्या रोजनिशा चाळून संशोधकांनी इसवी सन ८१२ पर्यंत मागे जाणारी बहराच्या तारखांची मालिका लावली. २०२१ मध्ये पूर्ण बहर २६ मार्चला आला, तोवरच्या बाराशे वर्षांच्या नोंदींतला सर्वांत लवकरचा. हवामान बदलतंय हे सांगायला फुलं बघत बसलेली माणसं साक्षीला आली. इंग्लंडच्या नॉरफकमध्ये रॉबर्ट मार्शम नावाच्या जमीनदारानं १७३६ मध्ये पहिलं फूल, पहिलं पान, बेडकाची पहिली हाक टिपायला सुरुवात केली आणि त्याच्या घराण्यानं ते १९५८ पर्यंत चालू ठेवलं. तेही नॉरफकमध्येच राहून.

मी प्रवासाच्या विरोधात नाही, कृपया तसं वाचू नका. परक्या जागी आपण निदान मान वर करून चालतो, ही सवय घरी कुणाला असते? मला फक्त 'योग्य हंगाम' हा प्रकार खटकतो. डोंगर धबधब्यांच्या वेळी, दरी फुलांच्या वेळी, झाडं रंगांच्या वेळी. उरलेलं वर्षभर ती जागा जणू बंद असते. इंग्लिश चित्रकार कॉन्स्टेबलनं १८२१-२२ मध्ये लंडनजवळच्या हॅम्पस्टेडला नुसत्या ढगांची कितीतरी चित्रं केली. कित्येकांच्या मागे तारीख, वेळ, वारा कुठून हे लिहिलेलं आहे. खाली बघण्यासारखं काही आहे की नाही, याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं.

त्यामुळे पुढची सुट्टी ठरलीय. एकदा भर हिरवाईत पाहिलेल्या डोंगरावर पुन्हा जायचं, या वेळी ऐन उन्हाळ्यात, गवत वाळलेलं असताना. आधी जाऊन आलेले सगळे सांगतायत की तेव्हा तिथं बघायला काही नसतं. सोबत कुणी येणार असेल तर कळवा, पण कोऱ्या पानांची वही आणि टोपी आपापली आणा.