‘मेडिक्लेम आहे की!’ : एका फोंडेकरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

तुम्ही नाव लिहिलं नाहीत, ‘एक फोंडेकर’ एवढीच सही केलीत, म्हणून दादा म्हणते. क्रूझवर जाणाऱ्यांनी साथीच्या काळात विम्याचं काय बघावं, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. उत्तराला चार दिवस लागले, कारण तुमचं निम्मं म्हणणं मला पटलं आहे.

ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तुमचं पहिलं म्हणणं, कोविड संपला, आता साथीच्या नावाने लोकांना का घाबरवता? दुसरं, मुंबई–गोवा दोन रात्रींच्या सफरीला वेगळा विमा कशाला, घरचा मेडिक्लेम आहे की! आणि तिसरं तुमच्या साडूंचं. युरोपच्या क्रूझला त्यांनी 30 हजार युरोचा विमा काढला होता, जहाजावर कोविड झाला, सात दिवस केबिनमध्ये बंद राहिले, आणि रुग्णालयात दाखल झाले नव्हते म्हणून कंपनीने एक रुपया दिला नाही; कंपन्या देतच नाहीत, असं तुमचं म्हणणं. शेवटी तुम्ही लिहिलंत, ‘ताई, तुम्ही विमा एजंटाची भाषा बोलता.’

मी एजंट नाही, कुणाकडून कमिशन घेत नाही, लेखात एकाही कंपनीचं नाव दिलेलं नाही. या विषयाशी माझा संबंध घरातून आला. आम्ही सड्यावर राहतो, खाली मुरगाव बंदर. धाकटा भाऊ तारवटी, पंधरा वर्षं क्रूझ जहाजांवर काम करतो. 2020 च्या एप्रिलमध्ये त्याचं जहाज मुंबईसमोर उभं होतं आणि त्याला खाली उतरू देत नव्हते, तेव्हा आईने देवापुढची समई विझू दिली नव्हती. त्या दिवसांत एक गोष्ट मला नीट कळली. जहाजावर काम करणारा माणूस आजारी पडला तर त्याचे उपचार आणि त्याला घरी पोचवणं ही जहाजाच्या मालकाची जबाबदारी असते. 2006 चा सागरी कामगार करार तसं सांगतो आणि भारताने तो 2015 मध्ये मान्य केला आहे. त्याच जहाजावर पैसे भरून बसलेल्या प्रवाशाला असं काही कवच नसतं. त्याच्या हातात तिकिटाचा करार असतो आणि त्या करारात बंदर बदलण्याचा, गाळण्याचा, सफर आवरती घेण्याचा अधिकार बहुतेक वेळा कंपनीने स्वतःकडे ठेवलेला असतो. जहाजावरच्या डॉक्टरचं बिलही प्रवाशाच्याच खात्यावर चढतं. भावाची काळजी करणाऱ्या आम्हाला तेव्हा वाटलं होतं की वरच्या मजल्यावरचे पाहुणे सुखात असतील.

आता तुमचा पहिला मुद्दा. जागतिक आरोग्य संघटनेने कोविडची आणीबाणी 5 मे 2023 ला संपल्याचं जाहीर केलं, हे खरंच. पण पॉलिसीतली साथीविषयीची कलमं त्या दिवशी पुसली गेली नाहीत. जुलाब-उलट्यांचा नोरोव्हायरस तर कोविडच्या आधीही जहाजांवर पसरायचा आणि आजही पसरतो. पुढची साथ कधी येईल हे मी सांगू शकत नाही. कलमं मात्र आज वाचता येतात, म्हणून आज लिहिलं.

दुसऱ्या मुद्द्यावर मात्र मला थांबायचं आहे, कारण ‘मेडिक्लेम आहे की’ हे वाक्य मी आमच्या वाड्यावरही ऐकते.

जानेवारी 2022 आठवतो? नव्या वर्षाच्या सुट्टीत मुंबईहून सुमारे 2 हजार माणसं घेऊन एक क्रूझ मुरगावला आलं. चाचण्या झाल्या आणि 66 जण पॉझिटिव्ह निघाले. गोवा बघायला आलेल्या त्या माणसांना गोव्यात फिरायला मिळालंच नाही, जहाज शेवटी मुंबईला परत गेलं. त्याच्या चारच दिवस आधी, 30 डिसेंबर 2021 ला, अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने लस घेतलेल्यांनीही क्रूझवर जाऊ नये असा इशारा दिला होता. आम्ही सड्यावरून बंदराकडे बघत होतो आणि मला सारखं वाटत होतं, यांच्यातल्या किती जणांना ठाऊक असेल की या दिवसांचा खर्च कोण देणार?

मेडिक्लेम देणार नव्हता. का, ते सांगते. आपला मेडिक्लेम रुग्णालयात दाखल होण्यावर बेतलेला असतो, बहुतेक उपचारांसाठी किमान 24 तास. ‘रुग्णालय’ कशाला म्हणायचं याची व्याख्याही पॉलिसीत छापलेली असते: नोंदणी हवी, रात्रंदिवस परिचारिका हव्यात, शस्त्रक्रियागृह हवं, दहा लाखांहून कमी वस्तीच्या गावात निदान 10 खाटा आणि मोठ्या शहरात 15. जहाजावरचा दवाखाना या व्याख्येत बसवणं कठीण, आणि केबिन तर नाहीच नाही. 4 मार्च 2020 ला विमा नियामकाने कंपन्यांना कोविडचे क्लेम हाताळायला सांगितलं, तेही दाखल झालेल्या रुग्णांपुरतं. त्याच वर्षी जुलैत आलेल्या कोरोना कवच पॉलिसीत घरी राहून घेतलेल्या उपचारांचा खर्च 14 दिवसांपर्यंत मिळत होता, पण तिथेही उपचारांचाच. बुडालेली सफर, चुकलेलं विमान, वाढलेलं हॉटेलचं बिल यातलं मेडिक्लेममध्ये काहीच येत नाही.

तरी तुमच्या बाजूने एक गोष्ट मान्य करते. मूळ लेखात मी सरसकट लिहिलं होतं की हेलिकॉप्टरने किंवा हवाई रुग्णवाहिकेने हलवण्याचं कवच प्रत्येकाने घ्यावं. मुंबई–गोवा सफरीसाठी ते जास्तच झालं. जहाज कोकणच्या किनाऱ्यालगत चालतं, मुरगावला उतरवलं तर चिखलीचं रुग्णालय जवळ आहे, गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचं रुग्णालय, रस्त्याने गाठता येतं, आणि तिथे पोचल्यावर तुमचा मेडिक्लेम चालतो. भर समुद्रात दिवसेंदिवस जाणाऱ्या किंवा परदेशी बंदरांना लागणाऱ्या जहाजाची गोष्ट वेगळी. लेखातलं ते वाक्य मी दुरुस्त केलं आहे. दोन रात्रींसाठी मला एवढंच महत्त्वाचं वाटतं की सफर रद्द झाली किंवा तुम्हाला चढूच दिलं नाही तर पैसे परत मिळतात की पुढच्या सफरीचं क्रेडिट, हे तिकीट काढतानाच विचारावं. क्रेडिट स्वीकारलं की विमा कंपनी म्हणू शकते, तुमचं नुकसान झालंच कुठे?

आता साडूंचं. त्यांचं वाचून मला आमची आक्का आठवली.

आक्का आणि भावोजी फेब्रुवारी 2020 मध्ये सिंगापूरहून सुटणाऱ्या जहाजावर गेले. लग्नाची तिसावी वर्षगाठ, मुलांनी पैसे जमवून दिलेली भेट. तेव्हा जपानात योकोहामाला डायमंड प्रिन्सेस हे जहाज कोविडमुळे अडकलेलं होतं, 3,711 माणसं आत, आणि शेवटी सातशेच्या वर बाधित झाली. वेस्टरडॅम नावाचं दुसरं जहाज बंदरामागून बंदर नाकारलं जात अखेर 13 फेब्रुवारीला कंबोडियात लागलं. आक्काच्या जहाजावर एकही रुग्ण नव्हता, तरी दोन बंदरांनी त्यांनाही घेतलं नाही. चार दिवस उशिराने भलत्याच बंदरात उतरवलं. परतीचं विमान केव्हाच गेलेलं. हॉटेल, नवी तिकिटं, भावोजींची मधुमेहाची औषधं, सगळं मिळून पावणेदोन लाख गेले. आक्का फोनवर एवढंच म्हणत होती, ‘पोरांचे पैसे गेले गो.’

क्लेम नाकारला गेला. पत्रात दोन कारणं होती. पहिलं, पॉलिसी 5 फेब्रुवारीला घेतलेली. जागतिक आरोग्य संघटनेने 30 जानेवारीलाच आणीबाणी जाहीर केली होती आणि जगभरच्या अनेक कंपन्यांनी जानेवारीच्या अखेरीपासून कोविडला ‘आधीच ठाऊक असलेली घटना’ ठरवलं होतं. त्यानंतर घेतलेल्या पॉलिसीवर त्या घटनेमुळे झालेलं नुकसान मिळत नाही. तहान लागल्यावर विहीर खणायला गेलो होतो आम्ही, आणि तहान लागली आहे हेसुद्धा आम्हाला कळलं नव्हतं. दुसरं कारण तुमच्या साडूंचंच: दोघांपैकी कुणीही रुग्णालयात दाखल झालं नव्हतं.

मी पॉलिसीची चोवीस पानं काढून बसले. आत प्रवासाला उशीर झाल्यास ठरावीक रक्कम देण्याचं एक वेगळं कलम होतं आणि त्याला साथीचा अपवाद लावलेला नव्हता. कंपनीच्या तक्रार विभागाला त्या कलमाचा क्रमांक घालून पत्र लिहिलं. पाच आठवड्यांनी तेवढे पैसे आले, साडेअकरा हजार. बाकीचे गेले ते गेले. आक्काला तेव्हा राग आला होता, मलाही. पण कलम वाचल्यावर मला मान्य करावं लागलं की उरलेले पैसे त्या कराराप्रमाणे आमचे नव्हतेच. आम्ही विकत घेतलेली वस्तूच वेगळी होती आणि घेताना कुणी आम्हाला ते सांगितलं नव्हतं, आम्हीही विचारलं नव्हतं.

साथीत जहाजावरच्या माणसाचं नुकसान बहुतेक वेळा आजाराने होत नाही, अडकून पडल्याने होतं. ताप दोन दिवसांत उतरतो, दार सात दिवस बंद राहतं. साडूंचे 30 हजार युरो ही युरोपातल्या बहुतेक देशांना चालणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी लागणारी किमान रक्कम आहे. ती तातडीचे उपचार, रुग्णालय आणि आजारपणात किंवा मृत्यूनंतर मायदेशी आणणं यासाठी असते. बंद केबिनसाठी ती नाही. आकडा मोठा असल्यामुळे आपल्याला वाटतं सगळं झाकलं गेलं. परदेशातल्या काही पॉलिसींमध्ये केबिनमध्ये बंद राहावं लागल्यास रोजचा भत्ता आणि चुकलेल्या बंदराचे पैसे अशी खास कलमं असतात. आपल्याकडे पॉलिसी घेताना कंपनीला ईमेलवर सरळ विचारावं: रुग्णालयात दाखल न होता जहाजावर किंवा हॉटेलात क्वारंटाईन केलं, तर राहण्याचे आणि नव्या तिकिटाचे पैसे द्याल का, आणि कोणत्या कलमाखाली? उत्तर लेखी आलं नाही तर ते कवच नाही असंच धरून चालावं. फोनवरच्या ‘हो हो, सगळं कव्हर आहे’ला मी आता किंमत देत नाही.

आणखी एक. भीती वाटली म्हणून सफर रद्द केली तर साधी पॉलिसी पैसे देत नाही, तुम्ही स्वतः आजारी पडलात तर देते. कोणत्याही कारणाने रद्द करण्याची सोय मुख्यतः अमेरिकेत मिळते आणि तीही साधारण 50 ते 75 टक्केच परत देते. सरकारने जाऊ नका म्हटलेल्या ठिकाणी गेलात तर अनेक पॉलिसी हात वर करतात.

‘कंपन्या देतच नाहीत’ हे तुमचं वाक्य मात्र मी तसंच्या तसं स्वीकारणार नाही, कारण ते मानलं की माणूस नकाराचं पत्र कपाटात टाकून गप्प बसतो. साडूंना त्यांची पॉलिसी काढायला सांगा. प्रवासाला उशीर, सफर खंडित होणं, परतीचं तिकीट, ही कलमं वेगळी शोधा. जहाजाच्या डॉक्टरचं तपशीलवार बिल आणि कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत अलग ठेवलं याचं पत्र नसेल तर जहाज कंपनीकडे मागा. मग विमा कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी कळवा. महिनाभरात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही, तर विम्याच्या तक्रारी ऐकणारे विमा लोकपाल. तिथे वकील लागत नाही, फी नाही. पण कंपनीने नकार दिल्यापासून एक वर्षाच्या आत जावं लागतं. ते हुकलं तर ग्राहक आयोगाची मुदत दोन वर्षांची.

नकाराच्या पत्रावरची तारीख तुम्ही लिहिलेली नाही. ती आज संध्याकाळी साडूंना फोन करून विचाराल का? मुदत शिल्लक असेल तर तक्रारीचा मसुदा मी लिहून देते, पॉलिसीची पानं तेवढी पाठवा.