दोन माळा जबड्याच्या

अक्कलदाढ काढताना काही कळलं नाही. कळलं ते दुसऱ्या दिवशी, पोह्यांचा चमचा दातांवर आपटला तेव्हा. तोंड उघडेचना! बराच वेळ आ करून राहिलं किंवा इंजेक्शनच्या सुईनं स्नायू दुखावला की असं होतं म्हणे. बहुतेकांचं आपोआप सुटतं. माझं अडूनच बसलं.

दुसऱ्या गावात निभावलं असतं. इंदुरात तोंड बंद म्हणजे माणूस समाजातून उठला. रात्री सराफ्यात, म्हणजे सराफ बाजारातल्या खाऊगल्लीत, सगळे तळलेल्या गराडूच्या कंदावर जिरावन मसाला भुरभुरवतायत आणि मी शिकंजीचा ग्लास धरून उभी. इथली शिकंजी दुधाची, घट्ट. स्ट्रॉत मेवा अडकतो.

शेवटी रामबागेकडच्या एका फिजिओथेरपिस्ट ताईंकडे गेले. त्या म्हणाल्या, “स्वतःची तीन बोटं उभी तोंडात घाला.” मोठ्या माणसाचं तोंड साधारण ४० ते ५० मिलिमीटर उघडतं, तेवढी तीन बोटं सहज जातात. माझी दीड गेली. मग आधी ओल्या गरम टॉवेलचा शेक, मग हातमोजा घालून अंगठ्यानं गालाच्या आतून स्नायू दाबणं (डोळ्यांतून पाणी), मग अल्ट्रासाउंड. घरी येऊन एवढा एकच शब्द नीट उच्चारता आला आणि सासूबाईंचा चेहरा उजळला. “जबड्याचा, आई,” मी म्हटलं. उजेड गेला.

खरी गंमत व्यायामांची. चिलीचे फिजिओथेरपिस्ट मारियानो रोकाबादो यांची पद्धत: ६ व्यायाम, प्रत्येक ६ वेळा, दिवसातून ६ वेळा. जिभेनं टाळूवर टॉक करायचं, मग जीभ तिथेच टेकवून तेवढंच तोंड उघडायचं. म्हणजे सांधा जागच्या जागी फिरतो, पुढे घसरत नाही. आरशात बघावं तर माझा जबडा सरळ खाली यायचा सोडून देवासकडे वळतो! सासूबाईंनी हिशेब केला, “दोनशे सोळा. म्हणजे बरोब्बर दोन माळा.” आणि आपली जपमाळ पुढे केली. आता सकाळी देवघरासमोर त्यांचं ‘श्रीराम’ आणि माझं ‘टॉक’ एकाच लयीत चालतं.

वर लाकडी पट्ट्या. दातांमध्ये एकावर एक रचून धरायच्या, सवय झाली की मधे आणखी एक सरकवायची. ताण बसला पाहिजे, कळ येता कामा नये. त्या पट्ट्या तोंडात असतानाच यांना नेमकं विचारायचं असतं, “अगं, गॅसवाल्याचे पैसे दिले का?”

परवा ताईंनी विचारलं, “कितपत उघडतं आता?”

“भुट्ट्याचा कीस आरामात जातो. कचोरीचा तुकडा गेला. पाणीपुरीचा पताशा अडतो.”

त्यांनी मोजपट्टी लावली, फाइलमध्ये ३२ मिलिमीटर लिहिलं आणि म्हणाल्या, “छप्पन दुकानवरचा पताशा की सराफ्यातला? सराफ्यातला मोठा असतो.”