शाळा बांधायची आहे? आधी कोनशिलेचं माप घ्या

गावातली जिल्हा परिषदेची जुनी प्रशाला पाडून नवी बांधायचं तुम्ही मनावर घेतलंय असं कळलं. तीही नुसती शाळा नाही, ‘सामायिक सुविधांसह’. एकाच आवारात दहावीपर्यंतचे वर्ग, सार्वजनिक वाचनालय, स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका, व्यायामशाळा, आरोग्य उपकेंद्र आणि बचत गटांसाठी सभागृह. अभिनंदन. इतकी शहाणपणाची कल्पना सरकारी कागदावर उतरल्यावर तिला कसं सांभाळायचं हे कुणी शिकवत नाही, म्हणून हा आगाऊपणा.

पहिली गोष्ट, माध्यमिक शाळा निवडलीत हे फार बरं केलंत. शिक्षण हक्काचा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या पोरांपुरता. आठवी झाली की हक्क संपला. एक किलोमीटरवर शाळा, तीन किलोमीटरवर शाळा, हा ससेमिरा नववी-दहावीला नाही. पोरगी सायकलवर आठ किलोमीटर गेली काय आणि घरी बसली काय, तुमच्या नावावर काही लागत नाही.

त्यातून तुमचं गाव मराठवाड्यात असेल तर सोन्याहून पिवळं. निजामकालीन इमारत आयती मिळते. निजाम १९४८ च्या सप्टेंबरात गेला, भिंती राहिल्या. हातभर रुंदीचा दगड, सागवानी तुळया, उंच छत, आणि त्या छताखाली दहावी ‘ब’मध्ये टेबलाशेजारी पावसाळाभर ठेवलेली बादली. ही इमारत पाडायची तर निर्लेखनाचा, म्हणजे ती सरकारी दप्तरातून कमी करण्याचा, प्रस्ताव लागतो. तो करा, पण मंजूर व्हायची घाई करू नका. प्रस्ताव अडकलेला आहे तोवर खोली धोकादायक, म्हणून पोरांना आत बसवता येत नाही. खोली कागदावर उभी आहे, म्हणून नवी मागता येत नाही. आणि निर्लेखन झालेलं नाही, म्हणून पाडताही येत नाही. पोरं व्हरांड्यात बसतात. व्हरांड्याला निर्लेखन लागत नाही. कुणी विचारलंच तर ‘प्रस्ताव वरिष्ठ स्तरावर आहे’ म्हणा. वरचा स्तर कुठला हे विचारण्याइतका उद्धट माणूस अजून ग्रामसभेत उठलेला नाही.

आता नियोजन. ७४ व्या घटनादुरुस्तीनं जिल्हा नियोजन समिती दिली ती पंचायतींनी आणि नगरपालिकांनी केलेले आराखडे एकत्र करून जिल्ह्याचा आराखडा बनवायला. म्हणजे गावानं खालून सांगायचं, समितीनं वर जुळवायचं. एवढं कोण करत बसणार? आधी आराखडा छापून घ्या, मग त्याला जुळेल असा ग्रामसभेचा ठराव मागच्या तारखेनं मागवा. ग्रामसेवकाला नमुना आपणच पाठवला तर शुद्धलेखनही एकसारखं राहतं.

सादरीकरणाच्या पहिल्या स्लाइडवर २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण टाका. शाळेची वास्तू शाळा नसलेल्या वेळात गावाच्या उपयोगी पडावी, ‘सामाजिक चेतना केंद्र’ व्हावी, असं त्यात लिहिलेलं आहे. शेजारी कोठारी आयोग टाका. आसपासच्या शाळांनी साधनं वाटून घेण्याची शाळा संकुलाची कल्पना त्यानं १९६४-६६ मध्येच मांडली होती. कल्पना साठ वर्षं जुनी असल्यामुळे खर्च ‘नावीन्यपूर्ण योजना’ या शीर्षाखाली टाकायला हरकत नाही.

पैसा मात्र एका हेडमधून (खर्चाच्या शीर्षातून) घेऊ नका. एका हेडमधून घेतला तर एकच माणूस जबाबदार ठरतो, आणि तो बहुधा तुम्हीच असता. खोल्या ‘समग्र शिक्षा’ या शिक्षण योजनेतून घ्या, संरक्षक भिंत रोजगार हमीशी जोड घालून, व्यायामशाळा क्रीडा खात्याकडून, सभागृह आमदार निधीतून, सौर पॅनल एखाद्या कंपनीच्या सीएसआरमधून (सामाजिक कामाच्या निधीतून). प्रत्येकाचं अंदाजपत्रक वेगळं, मोजमापाची वही (एमबी) वेगळी, ठेकेदार वेगळा आणि मुख्य म्हणजे फलक वेगळा. काम उत्तम होतं. फक्त भिंत एका हेडची आणि फाटक दुसऱ्या हेडचं असल्यामुळे दोहोंच्या मध्ये चार फूट जागा उरते, तिला हेड नसतं. तिथून शेळ्या येतात. नवी झाडं वन विभागाच्या हेडमधली असल्यामुळे शेळ्यांचा त्रास शिक्षण खात्याला होत नाही.

खरी कसोटी बांधकामानंतर लागते, तेव्हा नीट वाचा. विजेचं मीटर एकच ठेवा. व्यायामशाळा पहाटे पाचला उघडणार, अभिसिका नव्हे, अभ्यासिका रात्री दहाला मिटणार (फलक रंगवणारा हीच चूक करणार आहे, आत्ताच सांगून ठेवतो), उपकेंद्राचे दिवे-पंखेही त्याच मीटरवर चालणार. बिल येणार मुख्याध्यापकांच्या नावानं. ते म्हणतील, शाळा पाचला सुटते, रात्रीचे दिवे मी का भरू? उपकेंद्र म्हणेल, इमारत शिक्षण विभागाची. ग्रामपंचायत म्हणेल, हस्तांतरण झालेलं नाही. हे वाक्य जपून ठेवा. पाण्याची टाकी, संडासाचं दार, फुटकी काच, सगळ्याला ते पुरतं. दोन-चार महिन्यांनी महावितरणचा माणूस येऊन कनेक्शन कापून जाईल आणि प्रश्न आपोआप निकालात निघेल, कारण दिवेच नसतील तर बिल कशाचं? सौर पॅनल आहेच की. त्याचं इन्व्हर्टर बिघडलंय एवढंच, आणि ते कंपनीचं असल्यामुळे त्याला हात लावायचा नाही.

मग चावी. वाचनालय संध्याकाळी उघडायचं असेल तर संध्याकाळी माणूस लागतो, आणि नेमका तोच कुठल्या अंदाजपत्रकात बसत नाही. सिमेंटला दरसूचीत दर आहे, ग्रंथपालाला नाही. शिपाई निवृत्त झाला की पद रिकामं ठेवा आणि चावी मराठीच्या सरांना द्या. सर अप-डाऊन करतात. त्यांची एसटी सव्वापाचची आणि वाचनालयाची वेळ साडेपाचची. एमपीएससीची तयारी करणारी पोरं पायरीवर बसून मोबाइलच्या उजेडात वाचतील. त्यांचा फोटो काढून घ्या, ‘अभ्यासिकेस युवकांचा उत्स्फूर्त प्रतिसाद’ या मथळ्याखाली छान दिसतो.

कुणी म्हणेल, गावाची शाळा आधीपासून सामायिकच आहे. मतदान तिथं, पोलिओचे डोस तिथं, पुराच्या पाण्यात मुक्काम तिथं, मे महिन्यात नवऱ्याकडचा जानवसाही तिथंच. करोनात विलगीकरण झालं तेही तिथंच. सगळे येऊन वापरतात, जाताना खडू संपवून आणि बाकं बाहेर टाकून जातात, नळाचा वॉशर कुणी बदलत नाही. खरं आहे. पण तुमची योजना निराळी. ती सामायिक वापराचं उद्घाटन करते.

अभ्यासदौऱ्याची तरतूद विसरू नका. इंग्लंडला जा. तिथं २००४ साली देशातल्या सगळ्या, म्हणजे सुमारे साडेतीन हजार, माध्यमिक शाळा पंधरा वर्षांत नव्या किंवा नव्यासारख्या करायचा कार्यक्रम निघाला, आणि शाळेच्या आवारात गावाच्या सेवा आणायच्याही गोष्टी होत्या. डिसेंबर २००८ पर्यंत दोनशे शाळा उघडायच्या होत्या, उघडल्या बेचाळीस. जुलै २०१० मध्ये नवे शिक्षणमंत्री मायकेल गोव्ह यांनी कार्यक्रमच गुंडाळला, सातशेवर शाळांची कामं थांबली. कुठली थांबली याच्या यादीतही चुका निघाल्या आणि मंत्र्यांना संसदेत माफी मागावी लागली. माफीचा भाग सोडून बाकी सगळं टिपून घ्या. मग लिव्हरपूलच्या स्पीक उपनगरात जा. तिथली पार्कलँड्स हायस्कूल खासगी गुंतवणुकीच्या करारानं २००२ मध्ये बांधली, २०१४ मध्ये पोरांअभावी बंद झाली, पण करार चालूच राहिला. शाळेत घंटा नाही आणि नगरपालिका वर्षाला सुमारे चाळीस लाख पौंड मोजत राहिली. आपल्याकडे पीपीपी (सरकारी-खासगी भागीदारी) मॉडेलचं नाव काढलं की टाळ्या वाजतात, त्या वेळी हे सांगू नका.

केंब्रिजशायरला मात्र जाऊ नका. हेन्री मॉरिस नावाच्या शिक्षणाधिकाऱ्यानं १९२४ मध्ये तिथं खेड्यांसाठी अशीच योजना मांडली. माध्यमिक शाळा, वाचनालय, प्रौढांचे वर्ग, सभागृह, सगळं एका छताखाली. पहिलं ‘व्हिलेज कॉलेज’ सॉस्टनला १९३० मध्ये उघडलं. इंपिंग्टनचं तर वॉल्टर ग्रोपियससारख्या वास्तुकारानं बांधून दिलं, १९३९ मध्ये. दोन्ही ठिकाणी आजही शाळा भरते. कारण विचारलंत तर दौऱ्याचा अहवाल बिघडेल. तिथं सकाळच्या पोरांची आणि संध्याकाळच्या मोठ्या माणसांची जबाबदारी एकाच पगारी माणसावर होती, त्याला वॉर्डन म्हणत. म्हणजे चावी कुणाकडे हे ठाऊक होतं. आपल्या आकृतिबंधात (मंजूर पदांच्या यादीत) असलं पद बसत नाही, त्यासाठी वित्त विभागाची मान्यता लागेल आणि मग इमारतीचाही विषय मागं पडेल.

उरला ३१ मार्च. जिल्हा परिषदेला नियोजनचा निधी खर्चायला दोन वर्षं मिळतात, म्हणून पहिलं वर्ष निवांत घालवा. दुसऱ्या वर्षाच्या फेब्रुवारीत निविदा काढा. शेवटच्या आठवड्यात गिलावा ओला असतानाच रंग मारून घ्या, कारण कोरड्या भिंतीवर रंग देईपर्यंत निधी समर्पित होतो, म्हणजे सरकारकडे परत जातो. जूनमध्ये पोपडे निघतील. मुख्याध्यापकांचं पत्र येईल, सोबत फोटो असतील. पत्रावर ‘नियमोचित कार्यवाहीस्तव अग्रेषित’ असा शेरा मारून बांधकाम विभागाकडे पाठवा, आणि त्याच फोटोंची एक प्रत ‘विशेष दुरुस्ती’च्या पुढच्या प्रस्तावाला लावा. फोटो पुन्हा काढायचा खर्च वाचतो.