शून्यसुद्धा नोंदच आहे

बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्याजवळच्या मचाणावर बसून, पाण्यावर येणारी जनावरं मोजायची जी प्राणिगणना होते, तिचा तुमच्याकडच्या लेखात 'शास्त्रीय किंमत शून्य' असं म्हणून एका वाक्यात निकाल लावलाय, तो पटला नाही. वाघांचा आकडा त्यातून निघत नाही, हे कबूल. एकच सांबर रात्रीतून दोनदा पाण्यावर आलं की कागदावर दोन होतात. म्हणून तर व्याघ्रगणनेत कॅमेरा ट्रॅपच्या, म्हणजे जंगलात लावलेल्या आपोआप टिपणाऱ्या कॅमेऱ्यांच्या, फोटोंतले पट्टे जुळवून वाघ ओळखतात.

पण मी मेळघाटात तीन वैशाख मचाणावर काढलेत. तिसऱ्या वर्षी चांदणं लख्ख, पाणी भरलेलं, तरी रात्रभर एकही जनावर फिरकलं नाही. सोबतचा स्वयंसेवक म्हणाला, "दादा, दोन भेकरं लिहून टाका, कोरा कागद कसा द्यायचा?" मी शून्यच लिहिलं. उजाडल्यावर खाली उतरलो तर काठभर गाईगुरांचे खूर आणि ताजं शेण. तेही शेऱ्यात लिहिलं. पाणवठा कुणी बळकावलाय हे वनरक्षकाला त्या शून्यामुळेच कळलं ना! खरी उणीव आहे ती तयारीची. भेकर नि चौसिंगा दोन्ही हरणासारखीच लहान जनावरं; अंधारात भेकर कोणतं नि चौसिंगा कोणता, हे मचाणावर चढवण्याआधी तासभर तरी शिकवा हो.